पायातली गाठ आणि मास्तरांचं मीटर

४ मार्च, बुधवार

डावा पाय चपलेत जाईना! सभेला उशीर होत होता. शेवटी ह्यांच्या चपला अडकवल्या आणि निघाले. तासभर उभी राहून बोलले. आवाज छान लागला होता. ‘हे विष एकाही माणसाच्या अंगाला लागू देणार नाही!’ म्हटल्यावर लोक उठून उभे राहिले.

परतताना हे म्हणाले, ‘भाषण कितीजणांनी ऐकलं ठाऊक नाही, चपला मात्र सगळ्यांनी बघितल्या.’

पोटरी लाकडासारखी झालीय. गरम पाण्यानं शेकते आणि पडते.

५ मार्च, गुरुवार

शेकायचं नव्हतं म्हणे! चोळायचं तर मुळीच नाही. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. माझ्या मुलीपेक्षा लहान असतील, पण रागावताना एकदम हेडबाई.

संशय असा— पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालीय. जीपमधून तासन्‌तास पाय लोंबकळत बसणं, मग व्यासपीठावर खांबासारखं उभं राहणं. सोनोग्राफी केली. शीर अर्धी बुजलेली दिसते. पण मुलीच्या वेळच्या माझ्या बाळंतपणात याच पायात गाठ झाली होती, तिचा व्रण आत राहिलेला असणार. ‘हे बुजलेलं तेव्हाचं की आत्ताचं, ते यात कळत नाही,’ म्हणाल्या.

मग काय? गाठ ताजी असली आणि औषध दिलं नाही, तर तुकडा सुटून फुफ्फुसात जाईल. खेळ खलास. गाठ जुनी असली आणि रक्त पातळ करायचं औषध दिलं, तर पोटातला अल्सर वाहायला लागेल. मागच्या वर्षी रक्ताची उलटी झाली होती, ती मी विसरले होते, ह्यांनी आठवणीनं सांगितली. दोन्हीकडून मरण! मी म्हटलं, ‘नाणं उडवा.’ त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘नाणं नको. एक तपासणी आहे.’

शिरेत एक औषध सोडायचं. ते रक्ताबरोबर अंगभर फिरतं आणि फक्त ताज्या गाठीला जाऊन चिकटतं. जुन्या व्रणाकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला किरणोत्सर्गी पदार्थाची खूण बांधलेली असते, म्हणून ते कुठे थांबलंय ते बाहेरून कॅमेऱ्याला दिसतं.

किरणोत्सर्गी!

मला! मला सांगताहेत! मी खुर्चीतून उठले, पाय विसरून. ‘मी कोण आहे ते ठाऊक आहे का तुम्हाला?’ ‘आहे ना,’ म्हणाल्या. ‘पेशंट.’

६ मार्च, शुक्रवार

नाही करून घेणार. ठरलं.

अकरा वर्षं मी त्या भांडाराविरुद्ध बोलतेय. शाळेच्या पाठीमागे उंच भिंत, तिच्याआड देशभरातलं किरणोत्सर्गी टाकाऊ सामान. आता ते दुप्पट वाढवायचा घाट आहे, सतरा तारखेला सुनावणी आहे. भांडाराचा साहेब दर वेळी तेच ऐकवतो— ‘बाई, यातलं बरंचसं दवाखान्यांचं आहे. तुमच्याच आजारपणाचं.’ आणि मी दर वेळी लोकांना विचारते, ‘तुमच्यापैकी कोण आजारी आहे बुवा?’ हशा पिकतो.

आता मीच आजारी.

हे म्हणाले, ‘तू मेलीस तर सुनावणीत कोण बोलणार? तुमच्या समितीतले मास्तर? ते बोलायला लागले की भांडार कंटाळून आपणहून निघून जाईल.’

मी हसले नाही. म्हणजे हसले, पण तोंड फिरवून.

८ मार्च, रविवार

रात्र बरी गेली नाही. श्वास घेताना बरगडीत काहीतरी टोचलं. गॅस असेल. पण घाबरले. लिहिते इथे, कुणाला सांगणार नाही— मी घाबरले.

खूप वाचलंय मी या विषयावर. अहवाल, चौकशा, साक्षी. दुसऱ्याच्या अंगातला किरणोत्सर्ग मला पाठ आहे. एका शास्त्रज्ञाची गोष्टही कुठेतरी वाचलेली आठवते. तो राहायचा तिथल्या मालकीणबाई ताटात उरलेलं अन्न परत वाढतात असा त्याला संशय. यानं उष्ट्यात किरणोत्सर्गी पदार्थाचा कण टाकला आणि दुसऱ्या जेवणात तो बरोब्बर पकडला. भाषणात कधी सांगितली नाही ही गोष्ट. सोयीची नव्हती.

९ मार्च, सोमवार

केली तपासणी. समितीत कुणाला सांगितलं नाही. सुनावणी झाली की सांगेन. किंवा नाही सांगणार.

तळघरातली खोली. जाड दार. तंत्रज्ञ बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात. शिशाच्या डबीतून सिरिंज काढली, तीही शिशाच्या कोटात! मी म्हटलं, ‘तुम्ही एवढं झाकून घेता आणि मला उघडं टोचता?’ ‘तुम्हाला आयुष्यात एकदा टोचायचंय,’ बाई म्हणाल्या, ‘मी रोज वीस जणांना टोचते.’ मी मुकाट्यानं दंड पुढे केला. मी! मुकाट्यानं!

सुई टोचली. काही जाणवलं नाही. गरम नाही, गार नाही. अकरा वर्षं ज्याच्याविरुद्ध बोलले ते अंगात गेलं आणि मुंगीएवढंही वाटलं नाही— हे काय? मग कॅमेऱ्याखाली निजवलं. ‘हलू नका. बोलू नका.’ हे बाहेर काचेपाशी उभे. नंतर म्हणाले, इतका वेळ तुला गप्प पाहिलं नव्हतं, मला वाटलं गेलीसच.

बाईंनी बजावलं— भरपूर पाणी प्या, आज लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, रिपोर्ट हातात येईपर्यंत बाहेरच्या बाकावर थांबा. बाकावर बसले थोडा वेळ. चारला समितीची बैठक होती. सुनावणीआधीची शेवटची. हे चहा आणायला गेले आणि मी रिक्षात बसले. ह्यांनी फोनवर काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आणि बरं झालं गेले! काय सांगू!

आमची समितीची खोली शाळेला लागून, पत्र्याची. मास्तर नेहमीप्रमाणे किरणोत्सर्ग मोजायचं मीटर घेऊन बसलेले. निवृत्त विज्ञानशिक्षक, मीटर म्हणजे त्यांचं लाडकं लेकरू. रोज चालू करतात. रोज तेच— मधूनच एखादा टक, आळशी. ‘निसर्गाचं आहे ते,’ म्हणतात, जरा खट्टू होऊन. आज मी त्यांच्या शेजारी बसले, कागद चाळायला लागले. मास्तरांनी बटण दाबलं आणि मीटर पिसाटलं! टकटकटकटक— कढईत मोहरी तडतडावी तसं! काटा पार उजवीकडे. कुणीतरी ओरडलं, ‘फुटलं! आत काहीतरी फुटलं!’

मी खुर्चीवर चढले. दुखरा पाय घेऊन! काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं— ‘अकरा वर्षं आम्हाला वेडं म्हणत होतात! आता हा काटा खोटा म्हणा!’ बायका रडत होत्या. वार्ताहर आला. मास्तरांनी निवेदन लिहिलं.

इतका आनंद मला का झाला? भीती वाटायला हवी होती ना? शेजारी शाळा आहे. आणि मी आनंदले.

१० मार्च, मंगळवार

काय चाललंय मला कळत नाही. क्रमानं लिहिते.

सकाळी मास्तर घरी आले. निवेदनाची प्रत दाखवायला. खांद्याला पिशवी, पिशवीत मीटर, चालूच. मी दार उघडलं आणि पिशवी तडतडायला लागली. कालच्याइतकी नाही, पण स्पष्ट. मास्तर पांढरेफटक. ‘ताई, इथपर्यंत आलंय!’

मग त्यांनी घर मोजायला घेतलं. मी मागोमाग, दाखवायला. बैठकीत तडतड. न्हाणीपाशी तडतड. स्वयंपाकघरात तर फारच! मी डबे उघडून दिले एकेक, त्यांनी पिठापर्यंत मीटर नेलं. सगळीकडे!

हे चहाचा कप घेऊन दारात उभे होते. केव्हापासून बघत होते कोण जाणे. शांतपणे म्हणाले, ‘अगं, तू जरा अंगणात जाऊन ये.’

‘कशाला?’

‘जा गं. सांगतो म्हणून जा.’

गेले. आत टकटक मंदावली. थांबली. ह्यांनी खिडकीतून हात केला— ये. मी आले. तडतड! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे.

मास्तर उड्या मारायचे बाकी होते. ‘पाहिलंत? लाटेनं येतंय, ताई! लाटेनं! वाऱ्याबरोबर!’

धावतच निघाले मास्तर. वेळ नोंदवायला. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

मला वाटलं होतं, ते गाठीला चिकटून बसलंय. आत. माझं खाजगी. ते बाहेर सांडतं हे डोक्यातच आलं नाही— बाहेर सांडतं म्हणूनच तर कॅमेऱ्याला दिसतं! शाळेतलं पोर सांगेल! आणि मी, या विषयावर एवढी मोठी भाषणं करणारी…

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन. ‘काल कुठे गायब झालात? गाठ ताजी आहे. गुडघ्याच्या वर. आत्ताच्या आत्ता या, आणि चालत येऊ नका.’

हे दवाखान्यातून लिहितेय. हातात सुई आहे. औषध थेंब थेंब चाललंय, पोटावर नजर ठेवून आहेत. पाय उशीवर. पाय तरी एका जागी आहे.

११ मार्च, बुधवार

पहिल्या पानावर आलं. ‘भांडारातून गळती?’ प्रश्नचिन्ह आहे, पण कोण वाचतंय प्रश्नचिन्ह!

शाळा बंद. पालकांनी मुलं काढून नेली. भिंतीजवळच्या चार घरांनी सामान बांधलं. त्यातली एक बाळंतीण, सव्वा महिन्याचं पोर घेऊन बसनं माहेरी गेली म्हणे. माझ्या अंगातल्या औषधाला भिऊन!

सांगायला हवं. आज. फोन करते.

नाही केला.

१२ मार्च, गुरुवार

तंत्रज्ञ बाई बघायला आल्या. पेपर वाचला होता. हळूच विचारलं, ‘सोमवारी संध्याकाळी तिथेच होतात ना तुम्ही?’ मी भिंतीकडे बघितलं. त्या चष्मा पुसत बसल्या.

मी विचारलं, ‘अजून आहे का माझ्यात?’ ‘उद्या शोधूनही सापडायचं नाही. सहा तासांत निम्मं, पुढच्या सहात त्याच्या निम्मं. निवत जातं.’ ‘मग भांडारात काय असतं?’ ‘ते वेगळं. जुन्या मशीनमधलं, कारखान्यांतलं. तुमच्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत निवणार नाही.’ मग उठताना म्हणाल्या, ‘त्याची भीती मलाही वाटते, बाई. माझी बहीण त्याच बाजूला राहते.’

म्हणजे काय झालं? हे चांगलं आणि ते वाईट? एकाच घराण्यातलं ना दोन्ही? व्यासपीठावरून मी एकच शब्द वापरत आले— विष. आता त्या विषानं माझी गाठ दाखवली. तो संशय तसाच राहिला असता, तर आज मला दवाखान्यानं कुठल्या खोलीत ठेवलं असतं? मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, ‘शत्रूनं माझा जीव वाचवला.’ त्या तक्ता बघत म्हणाल्या, ‘शत्रू-मित्र मला कळत नाही. मला गाठ दिसली, बस.’

१३ मार्च, शुक्रवार

सूज उतरतेय. बाकी काहीच उतरत नाही.

१४ मार्च, शनिवार

मास्तर भेटायला आले. सांगायचंच, असं ठरवून उशा नीट करून बसले होते. पण त्यांनी आल्या आल्या सुरू केलं. बुधवारपासून मीटर गप्प आहे. पुन्हा तोच आळशी टक. खोलीत, भिंतीशी, घराघरांत, कुठेच काही नाही.

मला वाटलं, आता त्यांच्याच लक्षात येईल! हुशार माणूस. देवा, येऊ दे लक्षात.

‘सावध झाले ताई!’ मास्तर कुजबुजले. ‘पेपरात आलं आणि भांडारवाल्यांनी रातोरात माल हलवला! ट्रकचा आवाज ऐकणारे दोघे मिळालेत.’

ट्रक! ऐकणारे दोघे! आणि मास्तरांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. अकरा वर्षं हा माणूस उन्हात रोज भिंतीशेजारून चाललाय. लोक त्यांना ‘टिकटिक’ म्हणून चिडवायचे. आता कुणी चिडवत नाही. पोलिसपाटलाच्या करावं तसं त्यांच्या पुढे-पुढे करतात.

मी म्हणाले, ‘मास्तर, मला काही बोलायचंय.’ ‘तुम्ही बोलायचं ते सतराला. आत्ता विश्रांती घ्या.’ पायावरची चादर नीट करून गेले.

१५ मार्च, रविवार

ह्यांच्याशी भांडण. दवाखान्यात, हळू आवाजात भांडणं फार अवघड!

‘सांगणार कधी?’ ‘सांगितलं तर भांडार दुप्पट होईल.’ ‘नाही सांगितलं तर?’ ‘थांबेल.’ ‘खोट्यावर?’ ‘भांडार धोक्याचं आहे हे खोटं नाही!’ ‘पण सोमवारची तडतड तुझी होती.’ ‘होती! होती! पण उद्या खरंच गळलं तर? तेव्हा कोण वाचवणार?’

ह्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, ‘तुझ्या सभेला मी तीस वर्षं मागच्या रांगेत बसतोय. कधी जांभई दिली, कधी डुलकी काढली. पण हिचं खरं आहे का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. परवा मला मागच्या रांगेत काय करायचं, तेवढं सांग.’

फार चिडले मी. उपास पडला तरी बोलणार नाही ह्यांच्याशी, असं ठरवलं. मग ह्यांनी संत्रं सोलून दिलं, ते खाल्लं.

१७ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी दोन तासांची सुट्टी दिली, चाकाच्या खुर्चीतून. सभागृह खच्चून भरलेलं. मी आत आले तर टाळ्या, घोषणा. मास्तर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा, मांडीवर मीटर. समोर चौकशी अधिकारी, कडेला भांडाराचा साहेब— सुकलेला, बिचारा चार दिवस झोपला नसावा.

दोन भाषणं घेऊन गेले होते. दोन्ही डोक्यात. कुठलं करणार ते खुर्ची पुढे ढकलली जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. हे शपथेवर.

आयुष्यात इतकं वाईट कधी बोलले नाही. अडखळत. ‘सोमवारी सकाळी मी तपासणी करून घेतली… शिरेतली गाठ शोधायला… माझ्या अंगात किरणोत्सर्गी औषध होतं. मीटर माझ्यामुळे वाजलं. खोलीत, माझ्या घरात. भिंतीतून काही आलेलं नाही. मुलांना शाळेत पाठवा.’

आधी कुणालाच समजलं नाही. कुणीतरी हसलंही. मग मागून आवाज आला, ‘केवढ्याला विकली गेली बाई?’ मग सगळीकडून. बाळंतिणीची सासू पुढे आली, माझ्या पायाकडे बघितलं, म्हणाली, ‘पाय वाचवलास ना? नीट जप हो.’ घोषणेपेक्षा ते लागलं.

मास्तरांनी मीटरचं बटण बंद केलं. बंदच होतं ते, तरी पुन्हा दाबलं. पिशवीत घातलं. गेले.

भांडाराच्या साहेबानं मात्र खुर्चीपाशी येऊन दोन्ही हातांनी माझा हात धरला. ‘आभारी आहे बाई. फार मोठं मन.’ तो हात अजून धुवावासा वाटतोय.

मी भांडाराच्या बाजूची नाही! हे ओरडून सांगितलं. पण तोवर ध्वनिक्षेपक काढून घेतला होता.

मागच्या रांगेत हे उभे होते. एकटेच.

१८ मार्च, बुधवार

घरी आले. भांडार वाढवायला मंजुरी. आधी झालेल्या मोजण्या ‘अविश्वसनीय’ ठरवून वगळल्या— मास्तरांच्या अकरा वर्षांच्या सगळ्या! एका माझ्यामुळे.

हे योग्य झालं का? विचारू नकोस, असं मीच मला सांगतेय, आणि मीच विचारतेय.

१९ मार्च, गुरुवार

आज शाळा भरली. खिडकीतून मुलांचा घोळका दिसला, दप्तरं आपटत चाललेला. बाळंतीणही परत आली म्हणतात. एवढं तरी बरोबर केलं ना मी? एवढं तरी?

कुणी फिरकत नाही घरी. समितीतल्या पोरीनं माझी पुस्तकं उंबऱ्यावर ठेवली, बेल न वाजवता गेली.

२३ मार्च, सोमवार

सकाळी मास्तर आले. सुनावणीनंतर पहिल्यांदा. बसा म्हटलं, बसले नाहीत. विचारलं, ‘ताई, पुन्हा ती सुई घेतलीत?’ ‘नाही.’ ‘काल-परवा शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या हौदाकडे आला होतात?’ ‘मास्तर, मी उंबराही ओलांडलेला नाही.’ त्यांनी पिशवीतून मीटर काढलं. माझ्या पायाशी धरलं, छातीशी धरलं. एक आळशी टक. मग बराच वेळ काही नाही. मास्तरांनी हात खाली घेतला. म्हणाले, ‘हौदाशी काटा उजवीकडे गेलाय. काल दुपारपासून. तीन ठिकाणी सांगितलं. तिन्ही ठिकाणी हसले.’ शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी ह्यांच्या चपला मागितल्या.